पुरा वाडा धुंडाळला तेव्हा

रोज शब्दकोडं सोडवणाऱ्याकडे एक वेगळाच शब्दकोश जमा होतो. शत्रू, दोन अक्षरं: अरी, नाहीतर रिपू. घोडा, दोन अक्षरं: वारू किंवा हय. भुंगा: अली. हे शब्द बोलण्यात येत नाहीत, लिहिण्यात येत नाहीत, राहतात फक्त चौकोनांत. एकदा का ते पाठ झाले की पेन आपोआप चालतं. माझं बरीच वर्षं असंच चाललं होतं. कोडं सुटायचं, पण आपण काही सोडवलं असं वाटायचं नाही. अर्थ दिलेला, प्रतिशब्द भरायचा. आठवला तर आठवला, नाही तर उभ्या-आडव्याच्या आधाराने येतोच.

मग आत्याने एके दिवशी फोनवर एक ओळ पाठवली : 'चोरीचा माल कपाटात, त्यातच धनी लपलाय (३)'. सोबत अवाक्षर नाही.

मी सवयीने धनीचे प्रतिशब्द मनात फिरवले. नाथ, पती, यजमान, मालक. तीन अक्षरी मालकच, म्हणून तेच कळवलं. तिने लगेच फोन केला.

"मालकच कशावरून? कुबेर का नको? तोही धनी, तोही तीन अक्षरी."

"मालक जास्त बरं वाटतं."

"बरं वाटतं काय? कोर्टात असं सांगशील का? उत्तर तुझ्यासमोर लिहून ठेवलंय. अर्थ सोड आणि नुसती अक्षरं वाच."

वाचली. माल कपाटात. मा-ल-क. शब्दांमधली मोकळी जागा पुसली की मालक उभा. 'त्यातच लपलाय' असं तिने सरळ सांगितलंही होतं, पण मी ते चोराबद्दलचं वाक्य म्हणून वाचलं होतं, सूचना म्हणून नव्हे.

इंग्रजी क्रिप्टिक, म्हणजे वरवरच्या अर्थामागे शब्दखेळ दडवणारी कोडी सोडवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्याकडे लपलेल्या शब्दाचा हा प्रकार सगळ्यात सोपा मानतात, नवख्याला पहिल्यांदा हाच शिकवतात. सूचक वाक्याच्या एका टोकाला शब्दाचा अर्थ, दुसऱ्या टोकाला ज्यात तो दडलाय ते शब्द, आणि मध्ये 'आत', 'पोटात', 'दडलाय' असा एखादा इशारा. बस्स. झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅक्नट यांनी १९६६ साली या कलेवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या सूचक वाक्यात नेमका अर्थ हवा, उत्तराकडे नेणारी न्याय्य खूण हवी, आणि तिसरं काहीही नको. त्यांच्या आधी, १९४९ साली, आफ्रिट या कोडेकाराने हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली होती : मी बोलतो तो माझा अर्थ असेलच असं नाही, पण जो अर्थ आहे तो मी बोललेला असलाच पाहिजे.

मला यात आवडलं ते म्हणजे उत्तर पडताळायला उद्याच्या अंकाची वाट बघावी लागत नाही. सापडलं की कळतंच. कुबेर कपाटात नाही, मालक आहे. वाद संपला.

नेहमीच्या कोड्यांचं तसं नसतं, आणि त्यावरून एकेकाळी आपल्याकडे कोर्टकचेऱ्याही झाल्या. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा जमाना होता तेव्हा अशी सूचक वाक्यं असत की दोन-तीन शब्द सारखेच बसावेत आणि त्यातला 'बरोबर' कोणता ते संयोजकांच्या पाकिटात आधीच बंद असावं. कितीही डोकं चालवा, शेवटी चिठ्ठी काढल्यासारखंच. १९५५ साली केंद्राने बक्षीस स्पर्धांचा कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांहून जास्त बक्षीस देण्यावर बंदी घातली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू, जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे तिथे नाही. शब्दकोडं हा जुगार की बुद्धीचा खेळ, या प्रश्नावर देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी विचार केला, याची मला अजून मौज वाटते. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "पाकिटात उत्तर ठेवणारा कोडेकार आळशी. उत्तर वाक्यातच ठेवायला अक्कल लागते."

ती अक्कल किती लागते ते स्वतः रचायला बसल्यावर समजलं.

इंग्रजीत एकेक सुटं अक्षर असतं, ते कुठेही तोडा, कुठेही जोडा. मराठीत एका चौकोनात एक अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर, जोडाक्षर असलं तर तेही एकाच घरात. साक्षीदार हा शब्द घ्या. साक्षी हे मुलीचं नाव, पुढे दार. सोन्यासारखी फोड आहे. मनात पहिलं वाक्य आलं, 'साक्षी दारात उभी राहून सगळं बघते'. वाचायला झकास, पण कामाचं नाही, कारण दारात म्हटलं की र चा रा झाला. तो एक काना सगळं वाक्य पाडतो. 'साक्षी दार उघडते, आत घडलेलं पाहणारा कोण? (४)' केलं तेव्हा जमलं. म्हणजे दाराला प्रत्यय लावायचा नाही.

आणि मराठीत प्रत्ययाशिवाय वाक्य करणं किती अवघड! प्रत्यय आला की सामान्यरूप आलंच. पुरावा शब्द 'पुरा वाडा' मध्ये लपतो, पण व्याकरणशुद्ध लिहायला गेलं की 'पुऱ्या वाड्याची झडती घेतली' होतं आणि पुरावा नाहीसा होतो. म्हणून वाडा प्रथमेतच ठेवावा लागतो : 'पुरा वाडा धुंडाळला तेव्हा आत सापडला (३)'. हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात अख्खं वाक्यच अर्थ आहे आणि अख्खं वाक्यच लपण्याची जागा. असा योग क्वचित येतो. बोटाचा ठसा लपवायला 'पाठ साफ' सापडली : 'पाठ साफ करूनही आत राहिलेली खूण (२)'. फासासाठी 'साफा सरळ करताना मध्येच गळ्याला बसला (२)'.

पण अशी दोन-चार वाक्यं झाली की झरा आटतो. शब्द आहेत, त्यांच्या फोडी आहेत, पण फोडी जोडून जे वाक्य होतं ते कोणी माणूस कधी बोलेल असं वाटत नाही. 'आत्ता सुरा मामा' असलं काहीतरी होतं. वरवर वाचताना जे खरं वाटत नाही त्यात काही लपतही नाही. वाचणाऱ्याला लगेच वास येतो. मला हवी होती अशी भाषा जिच्यात वाडे, तळघरं, चोरकप्पे, मृत्युपत्रं, अंधारात हलणाऱ्या सावल्या नित्याच्याच आहेत आणि कोणी 'कपाटात चोरीचा माल' म्हटलं तर भुवई वर जात नाही.

"मग माझ्याकडच्या रहस्यकथा ने," आत्या म्हणाली.

तिच्याकडे त्यांचा ढीग होता. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटूच्या कथा. मुखपृष्ठं सुटलेली, पानं तपकिरी, हात लावला की कडेचा चुरा बोटाला लागतो. लहानपणी मी त्या अधाशासारख्या वाचल्या होत्या आणि पुढे 'चांगलं' वाचायला लागल्यावर त्यांचं नावही काढलं नव्हतं. अर्नाळकरांच्या नावावर हजारावर रहस्यकथा आहेत. एका माणसाने एवढं लिहिलं तर त्यात कोडेकाराला वाक्यं मिळणारच, एवढ्याच स्वार्थाने मी ढीग उचलला.

पहिली अडचण अशी आली जी मला सुचलीही नव्हती. यातली बरीच पुस्तकं जुन्या शुद्धलेखनाची. नांव, कांहीं, नाहीं, सगळीकडे टिंबं. १९६२ च्या नव्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढली आणि कवि-रवि-बुद्धि असे शब्द मराठीत दीर्घ केले. वाचणाऱ्याला यात फारसं काही वाटत नाही, पण लपलेले शब्द शोधणाऱ्याचा सगळा नकाशा बदलतो. 'रवि षड्यंत्र रचतो' या जुन्या वळणाच्या वाक्यात विष लपलेलं आहे. आजच्या नियमाने रवी लिहिलं की विष उतरलं. मला ही गंमत इतकी आवडली की काही संध्याकाळी मी कथा वाचतच नव्हतो, नुसती शब्दांच्या सांध्यांवरून नजर फिरवत होतो. तलवार सजवून भिंतीवर लावलेली दिसली की वारस. नायक टपून बसला की कट. 'कट' तर मराठीत इतक्या ठिकाणी लपलेला आहे की जनाची नाही तरी मनाची लाज वाटून कोडेकाराने तो वापरू नये.

मग हळूहळू कथेतच अडकलो. हे व्हायचंच होतं.

अडकलो, पण लहानपणी वाचायचो तसा नाही. लपलेल्या शब्दांची सवय झालेला डोळा प्रत्येक वाक्यापाशी थांबतो आणि विचारतो, हे इथे कशाला? त्या डोळ्याने मी आधी इंग्रजी रहस्यकथांच्या भरातल्या काळातली, म्हणजे दोन महायुद्धांमधली पुस्तकं पुन्हा काढली. त्या काळात लेखकांनी आपल्यावर नियमच घालून घेतले होते. एस. एस. व्हॅन डाइनने १९२८ मध्ये वीस नियम सांगितले, रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये दहा. १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला, त्यात येताना लेखकाने शपथ घ्यायची, की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने वा योगायोगाने उलगडा करणार नाही आणि महत्त्वाचा धागा मी वाचकापासून लपवून ठेवणार नाही. शपथ अर्धी थट्टेची होती, पण आफ्रिटच्या वाक्याशी लावून बघा, कायदा एकच आहे. एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तर उलगड्याच्या आधी गोष्ट थांबवून वाचकाला आव्हान दिलेलं असे : सगळे धागे तुझ्या हाती आले आहेत, आता तूच सांग.

कोडी आणि या कथा एकाच कारखान्यातल्या होत्या असं म्हणायला एक माणूस पुरेसा आहे. टॉर्क्वेमाडा हे नाव घेऊन एडवर्ड पॉइस मॅथर्स 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी १९२६ पासून १९३९ साली वारेपर्यंत महाकठीण कोडी रचत होते, आणि त्याच पत्रात रहस्यकथांची परीक्षणंही लिहीत होते. १९३४ मध्ये त्यांनी खुनांची एक कादंबरीच कोडं म्हणून छापली : शंभर पानं, क्रम उलटापालटा, वाचकाने पानं लावायची आणि सहा खुनांचे खुनी आणि बळी सांगायचे. त्या वेळी दोघांनीच ती सोडवल्याचं नोंदलेलं आहे. पुढे नवी आवृत्ती आली तेव्हा २०२० मध्ये जॉन फिनेमोर या ब्रिटिश विनोदी लेखकाने, तोही कोडी रचणारा, ती पुन्हा सोडवली. इन्स्पेक्टर मॉर्स आणि सार्जंट लुईस या आपल्या पोलीस जोडीची आडनावंही रहस्यकथाकार कॉलिन डेक्स्टरने कोड्यांच्या स्पर्धांत चमकणाऱ्या दोन प्रतिस्पर्ध्यांवरून घेतली होती.

वाचताना मला जो फरक जाणवला तो मात्र या साम्याच्या उलट जातो. कोड्याच्या वाक्यात एकही शब्द रिकामा नसतो. 'चोरीचा' हा शब्दही वाचणाऱ्याला चकवण्याचं काम करत असतो. रहस्यकथेत नव्वद टक्के वाक्यं रिकामी असावीच लागतात, नाहीतर धागा उघडा पडेल. समजा खोलीचं वर्णन आहे : टेबलावर दौत, टाक, पत्रांचा गठ्ठा, विझलेली मेणबत्ती, चष्म्याचं घर, आणि एवढ्यात बाहेर किंकाळी ऐकू येते. घरात वीज असताना मेणबत्ती कशाला, हा प्रश्न पडायच्या आत आपण किंकाळीमागे धावलेले असतो. कसलेले लेखक धागा यादीच्या मधोमध ठेवतात आणि पाठोपाठ आवाज करतात. कोडी सोडवून माझी एक खोड पक्की झाली होती : गडबड सुरू झाली की आधीच्या दोन ओळी परत वाचायच्या. त्यामुळे काही खुनी मला फार लवकर सापडायला लागले. लेखकाची लबाडी डोळ्यांदेखत चाललेली बघायला मिळते, यात मजा आहेच. पण शेवटच्या प्रकरणात खुर्चीवरून उडण्याचा आनंद गेला तो गेला. मला तो सौदा अजूनही पूर्ण पटलेला नाही.

मराठी ढिगाकडे याच डोळ्याने वळलो आणि डोळा कामालाच आला नाही. झुंजारच्या कथेत यादीच्या मधोमध काही नसतं. तिथे वेषांतर आहे, पाठलाग आहे, ऐन वेळी दार उघडतं आणि दिवा विझतो. उत्तर, आत्याच्या भाषेत सांगायचं तर, पाकिटात. मी तिला तसं म्हटलं. वाटलं होतं तिचंच वाक्य तिला ऐकवतोय तर मान्य करेल.

"अरे, ते कोडं नाहीच मुळी," ती म्हणाली. "काळापहाड कोण ते आम्हाला पहिल्या पानापासून माहीत असायचं. तो सुटणार कसा, एवढंच बघायचं. तू खुनी शोधत बसलास तर मजा कशी येणार?"

तिचं बरोबर होतं. नंतर त्या कथा मी पेन बाजूला ठेवून वाचल्या, एका बैठकीत एक. वाक्यं छोटी, प्रकरणं छोटी, दर प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी संकटात. न्याय्य धाग्यांच्या कसोटीवर त्या उतरत नाहीत, पण त्या कसोटीचा त्यांना पत्ता विचारायचं कारणही नाही. इंग्रजी कथांपेक्षा कमी दर्जाचं काही लपूनछपून वाचतोय, ही शाळकरी भावना निदान माझी गेली.

होम्सकडे मी सगळ्यात शेवटी आलो, आणि तिथे लपलेलं उत्तर अगदी नावानिशी भेटलं. १८९३ सालच्या 'ग्लोरिया स्कॉट' या कथेत एका म्हाताऱ्याला पत्र येतं. शिकारीचे पक्षी, त्यांची लंडनची मागणी, माश्या मारायचा कागद, असलं काहीतरी निरर्थक. म्हातारा ते वाचून कोसळतो. होम्स आधी पत्र उलटं वाचून बघतो, मग एकाआड एक शब्द घेतो, आणि शेवटी किल्ली सापडते : पहिला शब्द घ्यायचा, दोन सोडायचे, पुढचा घ्यायचा. खेळ संपला, त्याने सगळं सांगितलं, जीव वाचवून पळ, असा मजकूर निघतो. हे मला आठवत होतं. आठवत नव्हतं ते पुढचं. होम्स म्हणतो की मधल्या जागा भरायला लिहिणाऱ्याने जे शब्द पहिल्यांदा सुचले ते घातले, आणि ज्याअर्थी त्यात एवढे शिकारीचे शब्द आहेत त्याअर्थी तो स्वतः शिकारी असणार किंवा पक्षी पाळणारा. म्हणजे निरोप तर पकडलाच, पण भरतीच्या शब्दांवरून माणूसही पकडला.

तेव्हा मी आमच्या दोघांच्या वाक्यांची वही काढून बघितली. माझी सगळी भरती वाड्यांची, तलवारींची, साफ्यांची. प्रत्यक्षात मी कधी साफा बांधलेला नाही. हे सगळं पुस्तकातून आलेलं. आत्याच्या वाक्यांत दळण, पाहुणे, कुलुपं, वाण्याची उधारी, कोण कोणाकडे गेलं आणि अजून आलं नाही. तिची वाक्यं माझ्यापेक्षा चांगली का लपवतात ते मला तिथे कळलं. माझ्या वाक्यात वाडा दिसला की वाचणारा सावध होतो. तिच्या वाक्यात काही लपलंय असं कोणाच्या मनातही येत नाही.

माझं एक वाक्य मात्र तिने बिनतक्रार मान्य केलं : 'गुप्त हे रहस्य, आत शिरून उलगडणारा (४)'. उत्तर गुप्तहेर, पहिल्या तीन शब्दांत सलग पडलेलं. हे मी रचलं असं म्हणणंही खोटं होईल. ते भाषेत पडूनच होतं.

सध्या आम्ही दोघं मिळून एक पूर्ण कोडं करतोय, सगळे शब्द रहस्यकथेतले, सगळी उत्तरं वाक्यातच. एका शब्दावर घोडं अडलंय. सुगावा. आत्याचं वाक्य असं : 'सासू गावाला गेल्यावर मधल्या मध्ये लागला (३)'. वाक्य तिच्या हातचं, अस्सल, कुठे वास नाही. पण सासूतला सू दीर्घ, सुगाव्यातला सु ऱ्हस्व. मी म्हटलं, काना चालत नाही म्हणून मी साक्षीला दारातून हलवलं, मग उकार कसा चालेल?

"बोलताना फरक करतोस का तू? बऱ्याच कोड्यांत ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेतात."

"ते पाकीटवाले."

"मग सून गावाला पाठव. बघ जमतं का."

सून चालत नाही, तिथे मध्ये न येतो. वासु नावाचा माणूस जुन्या वळणाने ऱ्हस्व लिहून बघितला, 'वासु गावाला गेला', अक्षरं बरोबर बसतात. पण मग अख्ख्या कोड्याखाली 'जुन्या शुद्धलेखनाप्रमाणे' अशी टीप द्यावी लागेल, आणि रवि षड्यंत्र रचत असेल तर त्या टिपेचा दुहेरी फायदाही होईल. आत्याला वासु मान्य नाही. तिच्या मते त्याच्या जाण्याने कोणाला काही सुगावा लागत नाही, सासूच्या जाण्याने लागतो. नऊ आडवा अजून रिकामा आहे.